सावरखिंडीच्या मठातली चुन्याची घाणी

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागच्या बायांनाही ऐकू गेलं पाहिजे. आज एका घाणीची गोष्ट सांगते; ऐकून उठाल तेव्हा डोळे ओले नसले, तर मला बोल लावा.

सावरखिंडीच्या टेकडीवरचा पडका मठ तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल. सीताफळीच्या झुडपांतून पायऱ्या चढून गेलं की आधी ओवऱ्या लागतात. त्यांची छपरं केव्हाच बसली. सभामंडपाच्या खांबांवर पोपटांची घरटी आहेत आणि समाधीवर आभाळाचंच छत! पण दारावरची दगडी कमान पाहा. सातशे पावसाळे झाले, एक चिरा हललेला नाही. तो का हलला नाही, तेच सांगायचं आहे.

मठ बांधायला काढला तेव्हा अलक्षनाथ महाराज, ज्यांची ही समाधी, टेकडीखालच्या गावात राहत होते. येसाई नावाची एकटी लोणारीण त्यांची भक्त. तिनं महाराजांना शब्द दिला होता, "मठाला लागेल तेवढा चुना माझ्या हातचा." घाणीत, म्हणजे दगडी चराच्या गोलात, जड चाक फिरवायचं, चुन्यात गूळ, हिरडा, बेलाचा गर घालून तो लोण्यासारखा मळायचा. बैल ओढी, येसाई मागं चाले. फेरे मोजायला तिची एकच रीत होती: एका फेऱ्याला एक ओवी.

बांधकामावरचा मुख्य पाथरवट कान्हरदेव. हात सोन्याचा, पण जीभ? विचारू नका!

"म्हातारे, ओव्यांनी चुना चिकटत नसतो! फेरे मोज, फेरे!"

"मला मोजता येत नाही, दादा. गाता येतं."

"मग देवळात जाऊन गा. माझी कमान पडली तर तुझा देव खांदा देणार आहे का?"

कमानीचा मधला दगड बसवायचा मुहूर्त त्या दिवशी दिवस मावळता होता. आणि सकाळीच येसाईच्या पवळ्या बैलाचा खूर सुजला, तो उठेना. गावातले बाकीचे बैल नदीपल्याडच्या खाणीवर दगड आणायला गेलेले. कान्हरदेवानं साफ सांगितलं, "मावळतीला ताजा चुना नसला, तर हे काम दुसऱ्याला. उद्यापासून टेकडी चढू नकोस."

येसाईनं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. चाक वीतभरही सरकेना. "महाराज, दिलेला शब्द मोडतोय हो माझा," म्हणून ती तिथंच बसली. डोळे पुसून वर पाहते, तर समोर ढवळाशुभ्र बैल उभा! कुणाचा, कुठला, ठाऊक नाही. आपणहून त्यानं जुवाखाली मान दिली. येसाईनं ओवी उचलली आणि चाक गरगर फिरू लागलं.

इकडे गावात महाराजांचं कीर्तन रंगलं होतं. दुसरी लोणारीण मागायला कान्हरदेव तिथं येऊन बसला. पाहतो तर महाराज वीणा धरून एकाच जागी गोल गोल फिरतायत. अंगाला घाम, छातीचा भाता झालेला.

"म्हातारपणी भोवळ येते बहुतेक," तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाला.

इतक्यात महाराजांचं उपरणं घसरलं. खांद्यावर जुवाचा लालभडक वळ! पावलं घोट्यापर्यंत ओल्या चुन्यानं पांढरी! टाळ थांबले, तशी टेकडीवरून चाकाची घरघर ऐकू आली. मग तीही थांबली.

कान्हरदेव धावतच टेकडी चढला. घाणीत चुना लोण्यासारखा तयार. जू रिकामं.

"म्हातारे, बैल कुठाय?"

"आत्ताच मान काढून खाली उतरला, दादा. एवढा राबला, आणि घोटभर पाणी द्यायचं राहिलं हो माझ्याकडून!" येसाईच्या जिवाला तीच चुटपुट.

मागून पावलं वाजली. महाराज खांदा चोळत हसत उभे होते. म्हणाले, "राहिलं ना? मग आता दे, येसाई. फार तहान लागली आहे."

तिनं तांब्यातून धार धरली. महाराज ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायले. कान्हरदेव त्यांच्या पायांवर कोसळणार, तोच त्यांनी त्याला धरलं.

"इथं नको, बाबा. मी तिच्या ओवीमागून चाललो. तिकडे वाक."

एवढा मानी पाथरवट, पण येसाईच्या चुन्यानं फुटलेल्या पायांवर त्यानं कपाळ टेकलं. "आई, तू गा. फेरे मी मोजणार नाही." मावळतीला त्याच चुन्यात मधला दगड बसला.

ती घाणी आजही कमानीच्या डाव्या हाताला आहे. चराला तडा गेलाय, चाक अर्धं मातीत आहे. मठ पाहायला जाल तेव्हा समाधीपुढे नारळ फोडाल, ते बरंच आहे. पण खालच्या विहिरीवरून तांब्याभर पाणी वर न्या, त्या चरात ओता, आणि एकदा तरी येसाईची आठवण काढा.