खुशालीची माशी

पाय आत घ्या बघू पांघरुणात. घेतले? हं, आता ऐका. या गोष्टीत राजा नाही बरं का, आणि राणीही नाही. एक होती नदी. तिचं नाव सोनवेळ.

सोनवेळेच्या काठी एक वाडी होती, पिसेवाडी. तिथली माणसं मासे धरायची, पण कशी? जाळं नाही, गांडूळ नाही. कोंबड्याचं नाहीतर पाकोळीचं गळून पडलेलं पीस आणायचं, इवल्याशा गळावर रेशमाच्या दोऱ्यानं गुंडाळायचं, दोन पंख काढायचे, एक शेपूट काढायची, की झाली माशी! मग लांब काठीनं ती अशी हलके फेकायची, अशी हलके, की पाण्यालाही कळू नये. मासा खालून बघायचा. म्हणायचा, वा, माशी बसली! आणि गट्ट.

पण आषाढी एकादशी आली, की वाडीतल्या बायका कानस घेऊन बसायच्या आणि सगळ्या माश्यांचे गळ घासून टाकायच्या. नुसतं पीस राहायचं. देव चार महिने झोपलेले, मग जीव कसा मारायचा? चार महिने वाडीत मासा शिजायचा नाही. पण नदीवर जाणं मात्र कोणी सोडायचं नाही. घरची, शेजारची, आलेली पाहुणेमंडळी, सगळी काठ्या घेऊन काठावर. बिनगळाची माशी फेकायची. मासा यायचा, तोंडात घ्यायचा, 'शी, हे तर पीस!' म्हणून थुंकून टाकायचा. मासा फसला की माणसं हसायची, आणि माणसं हसली की मासे शेपट्या आपटायचे. याला म्हणायचे नदीची खुशाली विचारणं. आणि त्या माशीला म्हणायचे खुशालीची माशी.

त्या वाडीत एक धोंडजी होता. म्हातारा, पण तोंड असं चालायचं, जशी गिरणी. एकदा बोलायला लागला की गाईनं रवंथ थांबवून ऐकावं. त्याची बायको सारजाबाई. ती म्हणायची, "यांचं तोंड मिटलेलं मी लग्नात पाहिलं, तेही अंतरपाट होता म्हणून." त्यांचा मुलगा सखाजी, मुलगी ठमी, आणि नवी नवी सून गोजरा.

गोजरा मोठी गुणी. सोमवार करायची, संध्याकाळी नदीत दिवा सोडायची. आणि हात तर असा हलका, की तिनं बांधलेली माशी बघून खऱ्या माश्या जवळ येऊन बसायच्या. त्या वर्षी तिनं खंड्याच्या पिसाची एक निळी माशी बांधली. काय ती माशी! उन्हात धरली तर निळी, सावलीत धरली तर हिरवी.

मग आली आषाढी एकादशी. तिच्या सासरी गळ घासायचं काम सुनेचं. डबीत माश्या होत्या अकरा. गोजरानं दहा घासल्या. अकरावी हातात घेतली, ती निळी. कानस लावली, पुन्हा उचलली. पुन्हा लावली, पुन्हा उचलली. कानशीनं पंख विस्कटले तर? तिच्या जिवावर आलं. तिनं काय केलं, ती माशी तशीच गळासकट डबीच्या तळाशी दडवली. म्हणाली, कोण बघतंय? कार्तिकात काढू.

चुकलंच की नाही तिचं? हो, चुकलं. पण पुढे ऐका.

श्रावण लागला. एक दिवस सगळी नदीवर निघाली. धोंडजीनं डबी उपडी केली आणि काय वर आलं? निळी माशी! म्हातारा खूश. पिसाखालचा गळ कुणाच्या ध्यानातच आला नाही. म्हणाला, "गोजरे, पोरी, ही तू बांधलीस? ही तर थोरलीलाच दाखवतो." थोरली म्हणजे सोनवेळेतली सगळ्यांत मोठी मासोळी. माणसाएवढी लांब, पाटाएवढी रुंद, वाडी वसली त्याच्या आधीपासूनची. तिला कधी कोणी धरलं नव्हतं आणि धरायचंही नव्हतं. ती नदीची आई.

गोजरा घरी जोंधळे निवडत होती. ती असती तर ओरडली असती. पण ती नव्हती.

धोंडजीनं माशी फेकली. थोरली वर आली. तिनं तोंडात घेतली आणि थुंकायला गेली. माशी थुंकली जाईना! तिनं हिसका दिला. दोरा तुटला. आणि मग काय झालं, ज्या क्षणाला थोरलीचं तोंड गळानं शिवलं गेलं, त्याच क्षणाला इकडे काठावर धोंडजीचं तोंड मिटलं. गच्च! दात उघडेनात, ओठ हलेनात. बोलता येईना, खाता येईना.

त्याला घरी आणलं. वैद्य आले. त्यांनी जबडा दाबला, चोळला, शेकला. काही नाही. ओठांच्या कडेनं चमच्यानं पातळ पेज जायची, तेवढीच. वैद्य सखाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "थंडीपर्यंत तग धरतील. त्याच्यापुढे पेजेवर माणूस टिकत नाही."

गोजरानं आत जाऊन डबी उघडली. तळ रिकामा. तिला सगळं उमगलं. पण ती बोलली का? नाही बोलली. जीभ उचलेचना. नवी सून ना ती.

सारजाबाईला काय वाटलं, की थोरली रुसली. ती म्हणाली, "म्हाताऱ्यानं तिची काहीतरी थट्टा केली असणार, गप्प कुठला बसायला! तिला एकदा हसवली पाहिजे. झकास माशी बांधा. तिनं ती घेतली, चावली, थुंकली, की हसली. ती हसली की यांचं तोंड उघडलं." सगळ्यांना पटलं. गोजरानंही मान हलवली. तिनं मनात म्हटलं, थोरली माशी घ्यायला जवळ आली, की मी हळूच गळ काढून घेईन. कुणाला कळायचं नाही.

मग पावसाळ्यात गोजरा नणंदेला घेऊन गेली. ठमीनं डोक्यावर इरलं धरलं आणि गोजरानं हिरवी माशी फेकली, पोपटाच्या पिसाची. ती इतकी खरी, इतकी खरी, की बेडूकच उडी मारून घेऊन गेला. ठमी म्हणाली, "वहिनी, बेडूक हसतोय बघ. थोरलीचं काही बाई खरं नाही." घरी नागपंचमीची दिंडं झाली होती. धोंडजीनं ताट जवळ ओढलं, वाफ नाकाशी घेतली आणि ताट परत सारलं.

मग पाऊस सरला. पाणी निवळलं. गोजरा मैत्रिणीला घेऊन गेली, हिरा कुंभारणीला. हिरानं काठावरची लाल माती कालवून दोऱ्याला रंग दिला, बुलबुलाच्या शेपटाखालचं तांबडं पीस आणलं. माशी झाली नुसता निखारा. गोजरानं काठी मागे नेली, पुढे आणली, आणि माशी पाण्याला टेकायच्या आधीच वरून आली पाकोळी. घेतली चोचीत आणि गेली की उडून! हिरानं हात जोडले. म्हणाली, "गोजरे, तुझ्या हाताला दृष्ट काढायला हवी. जरा वाईट बांध, म्हणजे माशापर्यंत तरी पोचेल." दोघी हसल्या. पण गोजराला हसता हसता रडू आलं. तिकडे दिवाळीत धोंडजीनं करंजी उचलली, नुसती हुंगली आणि ठमीच्या हातात दिली. त्याच्या मनगटावरचं कडं आता कोपरापर्यंत सरकत होतं.

मग आली थंडी. नदीवर धुकं असं, की काठीचं टोक दिसू नये. गोजरा सखाजीला घेऊन गेली. या वेळी माशी हळद्याच्या पिसाची, पिवळीधमक. बेडूक चिखलात झोपलेले, पाकोळ्या दूर गेलेल्या. माशी टेकली पाण्यावर. आणि मग, बरं का, खालून थोरली आली.

केवढी होती आणि केवढीशी झाली होती! पाठीचे काटे मोजता येत होते. ती माशीपाशी आली. तिनं नाक लावलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिला माशी हवी होती, पण तिचं तोंडच उघडेना. ओठाच्या कडेला निळ्या पिसाचा एवढासा कपटा लोंबत होता. तिनं गोजराकडे बघितलं आणि ती खाली गेली.

सखाजी म्हणाला, "पिवळा आवडत नसेल तिला. उद्या जांभळा करू."

गोजरानं काठी खाली टाकली. ती उठली, ती थेट घरी आली. चुलीपाशी सारजाबाई पेज ढवळत होती, पलीकडे धोंडजी भिंतीला टेकून बसला होता. गोजरा दोघांच्या मध्ये उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, थोरली रुसली नाही. तिच्या तोंडात गळ आहे. निळी माशी मी घासलीच नाही. दडवून ठेवली. मामंजींच्या हातून पाप झालं नाही, माझ्या हातून झालं." आणि खाली बसून पदरात तोंड घालून जी रडायला लागली!

सारजाबाईनं पळी ठेवली. गोजराला वाटलं, आता घराबाहेर काढतात. सारजाबाई म्हणाली, "एकच ठेवली होतीस?"

गोजरानं मान हलवली.

"मी माझ्या पहिल्या वर्षी दोन ठेवल्या होत्या. उंदरांनी खाल्ल्या म्हणून निभावलं." मग तिनं कपाळावर हात मारला. "पण काय गं वेडे! चार महिने तिच्या तोंडात गळ, आणि आम्ही तिला माश्या दाखवतोय? तोंडात काटा रुतलेल्याला लाडू दाखवल्यासारखं! आधी बोलली असतीस तर? ऊठ. डोळे पूस. आज जायचं."

आणि निघाली की सगळी वाडी. सखाजीनं आणि दोघातिघांनी धोंडजीला बाजेवर घेतलं. ठमी आली, हिरा आली. चांगलं ऊन वर आलं होतं, पण पाणी असं गार, की बोट घातलं तर हाड दुखावं. सारजाबाईनं कनवटीची चंची सोडली, सुपारीचा अडकित्ता काढला आणि गोजराच्या हातात दिला. म्हणाली, "नीट ऐक. गळाच्या टोकाला उलटा दात असतो. मागे ओढशील तर आणखी रुतेल, मांस फाटेल. तेव्हा मागे ओढायचा नाही. आल्या वाटेनंच पुढे ढकलायचा. टोक बाहेर आलं, की दात तोडायचा. मग तो आपसूक मागे येतो. दुखेल तिला. पण एकदाच."

गोजरा पाण्यात उतरली. काठी नाही, दोरा नाही, माशी नाही. घोटा बुडाला, गुडघा बुडाला, कंबर बुडाली. दात वाजायला लागले. तिनं ओंजळ पाण्याखाली धरली आणि म्हणाली, "थोरले आई, माझ्या ओंजळीत काहीच नाही गं. फसवायला नाही आले. तुझं दुखणं काढायला आले."

उरलंसुरलं धुकं विरलं. पाणी हललं नाही.

मग हललं. आणि थोरली आली. आली आणि तिनं आपली हनुवटी गोजराच्या ओंजळीत ठेवली, जसं दमलेलं लेकरू ठेवतं ना, तशी.

गोजरानं एका हातानं तिचा गाल धरला. दुसऱ्या हातानं गळ धरला. 'आई, सोस हं,' म्हणाली आणि ढकलला पुढे. थोरली थरारली. काठावर धोंडजी थरारला. टोक बाहेर आलं. कट्! अडकित्त्यानं दात उडाला. मग गळ असा निसटला, जसा लोण्यातून केस. गोजराच्या तळव्यावर नुसतं निळं पीस राहिलं, भिजलेलं.

थोरलीनं तोंड उघडलं. केवढं मोठं! बंद केलं. पुन्हा उघडलं. आणि शेपटीचा असा एक फटका मारला, की काठावरची सगळी माणसं न्हाली.

काठावरून आवाज आला, "पेजेत मीठ कमी असतं!"

सगळे वळले. धोंडजी बाजेवर ताठ बसला होता. "श्रावणापासून सांगीन सांगीन म्हणतोय. रोज कमी. एक दिवस तरी कुणी चाखून बघेल? आणि ती वैद्याची शेकायची पुरचुंडी फार गरम होती, गालाला भाजलं, तेही सांगायचं राहिलं. आणि गोजरे, बाहेर ये आधी, पोरी, गारठशील. कुणीतरी तिला घोंगडी द्या की! बघताय काय? तोंड उघडलेला माणूस पाहिला नाही कधी?"

सारजाबाई हसायला लागली, ती हसता हसता खालीच बसली. ठमी रडायला लागली. हिरानं आपली घोंगडी गोजराला गुंडाळली. धोंडजी तीन दिवस बोलत होता. जेवताना बोलत होता, आंघोळीत बोलत होता, झोपेत बोलत होता. चौथ्या दिवशी सारजाबाई म्हणाली, "गोजरे, एखादी निळी माशी शिल्लक आहे का गं?" आणि म्हातारा सगळ्यांत जास्त हसला.

त्याच्या अंगावर हळूहळू मांस धरलं. थोरलीच्याही धरलं. पुढच्या पावसाळ्यात सगळी मिळून पुन्हा नदीवर गेली, पुन्हा मासे फसले, पुन्हा माणसं हसली. गोजराला कोणी कधी टोचून बोललं नाही, आणि तिलाही रात्री शांत झोप लागायला लागली. ती माणसं सुखी राहिली, ते मासे सुखी राहिले.

आता तुम्ही डोळे मिटा. काय रे, अजून टक्क उघडे? माशांना पापण्या नसतात, त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही काही मासे नाही. मिटा बरं. हां. अश्शी माझी शहाणी बाळं.