वरातीच्या घोड्याची झूल

जनावरं बोलायची आणि माणसं थोडंफार ऐकूनही घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. सरदार नावाच्या वरातीच्या घोड्याची आणि तमी म्हशीची शर्यत लागली, तीही चैत्रातल्या भर दुपारी. माळावरच्या वडापासून नदीपलीकडच्या देवळापर्यंत पळायचं होतं.

सरदार मखमली झूल आणि कपाळावरचा गोंडा मिरवत आला.

"झूल काढ बाबा, शिजशील आत," तमी म्हणाली.

"झूल काढली तर मला कोण ओळखणार?" असं म्हणून तो उधळला.

वाटेत डबकं लागलं. तोंडाला फेस आला होता, तरी सरदारने नाक मुरडलं. म्हशी बसतात ते पाणी तो पिणार नव्हता. मागून तमी आली, डबक्यात बसली, पोटभर प्यायली आणि अंगभर चिखल माखून निवांत निघाली.

नदीच्या काठावर तिला सरदार आडवा पडलेला दिसला. झुलीतून वाफा निघत होत्या आणि डोळे पांढरे झाले होते. तमीने शिंगाने झूल ओढून काढली, नदीतल्या म्हशींच्या डोहात डुंबून आली आणि शेपटीने त्याच्यावर सपासप पाणी उडवलं. बऱ्याच वेळाने तो धडपडत उठला आणि म्हशींच्याच डोहात तोंड घालून ढसाढसा पाणी प्यायला. मग मान वर करून त्याने हळूच विचारलं, "कोणी पाहिलं तर नाही ना?"

"पाहिलं असेल," देवळाकडे निघालेली तमी म्हणाली, "पण झुलीशिवाय तुला ओळखतंय कोण?"