थुंकलेल्या बीचा वेल

वळवाडीच्या सोनज्यांच्या मळ्यात शिरलात की फाटकापाशीच एक जुना, गाठाळ द्राक्षवेल दिसतो. बाकीचे वेल तारांवर शिस्तीत बसलेले, हा एकटा जमिनीवर मोकाट. पाहुणे आधी याचाच फोटो काढतात, मग वाइन चाखायला आत जातात. हा वेल कुणी लावला नाही, थुंकला, असं सांगतात.

फार मागे मळा नथ्थूशेठ सोनज्यांचा होता. घड कधी तोडायचे, हे मात्र पाड्यावरची ठकूबाई ठरवायची. एक मणी तोंडात टाकून ती बी दाताखाली धरी. हिरवी, तुरट लागली की मान हलवी; कुर्रकन फुटली की म्हणे, "आना पाट्या." तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

एका साली जिल्ह्याच्या साहेबाची बदली निघाली. निरोपाच्या मेजवानीला आपलीच वाइन हवी, म्हणून शेटला घाई.

"शेट, बी हिरवी हाये. पंधरा दिस थांबा."

"ठके, मळा माझा की तुझा?"

"मळा तुमचा. जीभ माझी हाये."

शेटनं पाड्यावरच्या बायांकडून कच्चेच घड तोडवून घेतले. मेजवानीत साहेबानं पहिला घोट परत पेल्यात सोडला. आता माल बिघडला की मालक आधी हमालाच्या हाताकडे बघतो, ही व्यापारातली जुनीच खोड. शेट चारचौघांत बोलून गेला, "पाड्यावरच्या बायांचे हात घाणेरडे. त्यांनीच रस नासवला."

त्या उन्हाळ्यात बाजारात पाड्यावरच्या बायांची करवंदं कुणी घेईना. भरलेली पाटी तशीच डोक्यावर घेऊन ठकूबाई मळ्याच्या फाटकाशी आली. अंगाची नुसती लाही झालेली. पाटी तिनं तिथंच उपडी केली.

"चूक कुनाची, ते ह्या शेटच्या तोंडानं गावाला कळंल. तवर हितं घड तुटायचा न्हाई!"

पुढच्या माघात द्राक्षं पिकली, पण देठ म्हणे तारेसारखे झाले. परगावच्या बाया आणल्या, कात्र्यांना खांडे पडले. घडांवर गांधीलमाशा घोंगावू लागल्या, तेव्हा शेट लुगडं-नारळ घेऊन पाड्यावर गेला.

"लुगडं ठेव तुझ्यापाशी," ठकूबाई म्हणाली. "बाजाराच्या दिशी फाटकात उभा ऱ्हा. अनवानी. आन ऐक."

दिवस उगवल्यापासून डोक्यावर येईतो ती त्याला शिव्या घालत होती. एक शिवी दुसऱ्यांदा आली नाही, म्हणतात. बाजारकरू थांबून ऐकत होते. शेवटी शेट मान खाली घालून बोलला, "घाई माझी होती. हात यांचे स्वच्छ होते."

"मोठ्यानं!"

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग तिनं मणी तोंडात टाकला, बी कुर्रकन फोडली, दुसरी अख्खी बी त्याच्या पायाशी थुंकली. "आता तोड." तिचा राग काही उतरला नव्हता. त्या बीचाच हा वेल.

आजही पहिल्या तोडणीला मालकानं इथं अनवाणी उभं राहायचं आणि पाड्यावरच्या सगळ्यांत वडील बाईनं त्याला बोलायचं. हल्ली मालकीण आहे, परदेशात शिकून आलेली. तिलाही सूट नाही. गेल्या साली बायांच्या मोरीला पाणी नव्हतं, त्यावरून तर दोन तास ऐकत होती. कात्र्या तोवर पाटीतच. मग बी फुटते, पायाशी पडते, आणि कुणीतरी म्हणतं, "आता तोड."