बोल्याने शिट्टी गप्प केली

रेडिओ तापल्याशिवाय तोंड उघडत नसे, त्या काळची ही गोष्ट. हौशी रेडिओवाले शंकरराव कुलथे यांच्या टेबलावर दोन खोके होते. एक नुसता बोलायचा, तो बोल्या. दुसरा नुसता ऐकायचा, तो ऐक्या.

रोज सकाळी मालवणहून दोस्त परुळेकर रेडिओवरून हाक मारायचा. ऐक्याला ती चोख ऐकू यायची, पण बोल्या उत्तर द्यायचा भलत्याच फ्रिक्वेन्सीवर. परुळेकराला वाटलं, शंकऱ्या माजला. तो म्हणाला, "आज उत्तर आलं नाही, तर पुन्हा हाक मारणार नाही!"

"सरक की जरा!" ऐक्या ओरडला.

"मी का? माझा फ्रिक्वेन्सीचा काटा बरोबर आहे. तूच सरक!"

"मी सरकलो तर परुळेकर ऐकू येईल का, दीडशहाण्या?"

बोल्या बोलू लागला की ऐक्याच्या पोटात शिट्टी वाजे. दोघांच्या काट्यांत जेवढं अंतर, तेवढी ती बारीक किंचाळे. खोक्यांमागे ऊब घेत बसलेली पाल वैतागली. बोल्याच्या कानात चुकचुकली, "बोल्याभाऊ, त्याची शिट्टी बंद करून दाखव, तर तू खरा!"

बोल्याला चेव आला. त्याने काटा हळूहळू सरकवला. शिट्टी जाड झाली, घोगरी झाली आणि दोघांचे काटे एका जागी येताच गप्प झाली.

"बसवलं की नाही गप्प?" बोल्या गरजला.

तेवढ्यात उत्तर पोचलं आणि मालवणहून परुळेकराचा आवाज आला, "शंकऱ्या, मेल्या, जिवंत आहेस होय!"

ऐक्या गालात हसला. तो जागचा हललाच नव्हता. बोल्या अजून सांगत फिरतो, मीच जिंकलो. पाल काही बोलत नाही. तुमच्या घरी कोण सरकतं, ते मीही विचारत नाही.