बत्तीच्या डोंगराखालची होळी

माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं. शुद्धलेखनात चुका असतील, शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल माफी असावी. आजोबा पाहुण्यांना सांगतात तसंच लिहितो.

आमच्या कुसरवाडीच्या डोंगरावर खिंडीच्या अगदी वर एक दगड पुरलेला आहे. त्यावर त्रिकोण कोरलाय. तो मोजणीवाल्यांचा. शेजारी गंजलेल्या लोखंडी मनोऱ्याचे चार पाय उरलेत.

गोऱ्या सरकारच्या काळात त्या मनोऱ्यावर टपालाच्या विमानांसाठी बत्ती असे. विमानवाल्याने उजेड धरून यायचं, की खाली खिंड सापडायची. बत्ती सांभाळायला आमच्याच घरातला भिवा लोहकरे होता. दिवस मावळला की बत्ती लावायची, एवढंच काम.

पण गावच्या होळीचा मानही त्याच घराचा. होळी तेव्हा डोंगरासमोरच्या माळावर पेटे, अगदी कड्याला लागून. एका शिमग्याला भिवा बत्तीकडे निघाला, तर चुलते आडवे आले म्हणे.

"सरकारचा जावई झालास का रे? वर्षाची होळी तुझ्यावाचून ठेवायची?"

"काका, बत्ती लावतो नि आलोच."

"तू येईस्तोवर पोरं झोपतील. विमान कधी येतं?"

"आठाच्या पुढं."

"मग आत्ताशी कुठं दिवस मावळतोय!"

सगळे हसले. भिवाला लाज वाटली. त्याने पलिता घेतला आणि होळीला लावला. लाकडं वाळलेली होती, जाळ माडाएवढा उठला. बोंबा सुरू झाल्या. त्या गलक्यात घरघर पहिल्यांदा भिवालाच ऐकू आली. विमान लवकर आलं होतं, आणि जाळालाच बत्ती समजून सरळ त्याच्यावर येत होतं.

तो डोंगराकडे धावला. अर्ध्या वाटेत वहाणा सुटल्या, तो थांबला नाही. मनोऱ्यावर चढून त्याने बत्ती लावली. बत्ती पेटली, तेव्हा आवाज थांबला होता.

उजाडल्यावर कड्याखाली करवंदीच्या जाळ्यांवर पत्रंच पत्रं अडकलेली दिसली. विमानवाला कोवळा होता, असं सांगतात. त्याचं नाव गावाला कुणी कळवलं नाही. भिवाने एकेक पत्र काट्यांतून सोडवलं आणि त्रिकोणाच्या दगडावर हात ठेवून बोलला, "माझ्या घरचा माणूस पुन्हा होळीला हात लावणार नाही."

आजही आमची होळी ओढ्याकाठी खोल खड्ड्यात पेटते, आणि तीही डोंगरावर लोहकऱ्यांचा कंदील दिसल्यावरच. कंदिलापाशी बसणारा रात्रभर होळीकडे पाठ करून बसतो.

यंदा वडिलांचे गुडघे धरले, म्हणून मी गेलो. खाली ढोल वाजत होते, वळून बघावंसं फार वाटलं. साडेनऊला एक विमान खूप उंचावरून गेलं. त्याला माझ्या कंदिलाचं काय? तरी मी वात वाढवली.

सकाळी दगडाला चुना लावला. मग कधी नव्हे तो कड्याच्या टोकाशी गेलो आणि खालच्या करवंदींकडे बराच वेळ बघत राहिलो. ऊन पुरतं वर आल्यावरच कंदील विझवला.