बरणीचं ओलं बूड

अगं, ऐक ना, चिनी मातीच्या कारखान्यात आत्ता काय झालं! हौसामावशी भट्टी भरत होती. ती प्रत्येक कच्चं भांडं गालाला लावून बघते. गार लागलं म्हणजे आत ओल आहे, मग ते परत फळीवर. कारण ओलं भांडं भट्टीत फुटतं आणि शेजारच्यांनाही फोडतं.

एक जाडजूड बरणी तीनदा मागे राहिलेली. आज ती सकाळपासून खिडकीतल्या उन्हात बसली होती. मावशीच्या गालाला मस्त कोमट लागली. "झालीस गं बाई एकदाची!" म्हणत मावशीने तिला भट्टीत किटली आणि तिच्या चार कपांशेजारी ठेवलं.

किटली कुजबुजली, "अगं, तुझं बूड अजून ओलं आहे!"

"गप्प बस. तुला पहिल्याच खेपेला घेतलं, तुला काय कळणार?"

"तू फुटलीस तर माझे चारही कप जातील!"

"मग सांग जा मावशीला!"

पण भांड्यांचं बोलणं माणसांना कुठे ऐकू येतं? मावशी दार लावायला आली. तेवढ्यात किटलीने अंग हलवलं आणि स्वतःचं झाकण बरणीच्या बुडाशी पाडलं. कच्चंच ते, पार भुगा झाला! तो झाडायला मावशीने बुडाखाली हात घालून बरणी उचलली. बूड गारेगार! बरणी चौथ्यांदा फळीवर.

जाताना बरणी म्हणते कशी, "बिनझाकणाची किटली कोण घेणार गं आता?"

भट्टीचं दार लागलं.

खरं सांग, तू किटली असतीस तर काय केलं असतंस?