गाभोळीची मासळी

“बाबा, मासळी पाण्यात दिसतेय, मग वर का येत नाही?”

विचारणारा धाकू भोई. घरात त्याची बायको येसू, येसूच्या कुशीत नुकती जन्मलेली पोर. आणि वहाळाच्या पलीकडे करंजाखाली लतीफबाबा फकीर. त्या काठाला वस्ती म्हणाल तर एवढीच.

वैशाख तापलेला. वहाळ आटून एकच डोह उरला होता.

“तुझी सावली तिच्या डोक्यावर पडलीय. बस खाली. वाकायची सवय नाही ना तुला!”

धाकू बसला. गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस त्यानंच गुंडाळलं होतं, हुबेहूब माशी. विद्या बाबांची. पण आपला हात आता बाबांहून हलका, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला होता.

पीस पाण्याला टेकलं. पाणी फुटलं. काठी वाकली.

मासळी हातात आली तशी धाकूनं तिच्या पोटावरून बोट फिरवलं. टम्म. अंड्यांनी, गाभोळीनं भरलेली. त्यानं अलगद गळ सोडवला, तिला पाण्याकडे नेलं आणि शाबासकीसाठी बाबांकडे बघितलं.

“गाभोळीची मासळी सोडायची. तुमचा नेम, बाबा. मी कधी मोडला नाही.”

“पोर रडते का रे?”

“काल रडत होती.”

“आणि आज?”

“आज आवाजच नाही.”

“येसूला दूध?”

“कुठलं दूध, बाबा! तिच्याच पोटात पेज नाही...”

बाबा उठले. त्याच्या हातातली मासळी काढून घेतली, खडकावर ठेवली. दगडाचा एकच घाव.

“बाबा! डोहातली शेवटची होती ती! नेम तुम्हीच घातला होता ना?”

“घातला होता... जा. सार कर.”

मग बाबांनी आपली गळाची काठी गुडघ्यावर धरली आणि मोडून टाकली.

येसूनं सार प्यायलं, गाभोळी बोटं चाटून खाल्ली. उजाडता उजाडता तिला पान्हा फुटला. पोर आधी रडली, मग चुटुचुटु प्यायला लागली. येसू हसली. त्या घराचं नशीब तिथून फिरलं.

धाकू धावतच डोहावर आला. बाबा तिथंच बसलेले. पाण्यावर चिलटं नाचत होती. त्यांना धरायला खालून कुणी येत नव्हतं.

“बाबा, पोर वाचली! आता इथं गळ कधी टाकू?”

बाबांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

“पोरीला विचार. या डोहाची पुढची मासळी तिच्या दुधात गेली.”